वीस वर्षांचें देऊळ आणि एका रात्रीचें घर

गेल्या महिन्याच्या अंकांत या सदराची जागा रिकामी राहिली, त्याबद्दल कांहीं वाचकांनीं प्रकृतीची विचारपूस करणारीं पत्रें धाडलीं. प्रकृति उत्तम आहे. आम्ही जपानांत होतों. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त गेलीं आठ वर्षें टोकियोस असतो. त्यानें "काका, काकू, यंदा आलांच पाहिजे" असा लकडा लावला आणि आम्ही उभयतां गेलों. प्रवासवर्णन लिहिण्याचा मात्र आमचा विचार नाहीं. ज्या देशांत तीन आठवडे काढले त्यावर तीनशें पानें लिहिण्याचें धाडस ज्यांस होतें त्यांस तें लखलाभ असो. आम्हांस सांगावयाची आहे ती एकाच रात्रीची हकीगत. पण ती ज्या घरांत गेली त्याच्या आजूबाजूचा मुलूखहि सांगितला पाहिजे. तो वगळला तर त्या घरांत सांगण्याजोगें थोडेंच उरतें.

जपानच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर, मिए प्रांतांत, शिमा नांवाचें द्वीपकल्प आहे. नागोया शहरापासून आगगाडीनें सुमारें दोन तासांत काशिकोजिमा या शेवटच्या स्टेशनावर आपण उतरतों. पुढें रूळ नाहींत, पाणी आहे. या पाण्याचें नांव आगो उपसागर. फार प्राचीन काळीं येथें नद्यांचीं खोरीं होतीं. समुद्र चढला आणि तीं बुडालीं. त्यामुळें सरळ असा किनारा कोठेंच नाहीं. वाऱ्यानें फाटलेल्या केळीच्या पानाप्रमाणें जमिनीच्या चिंध्या झाल्या आहेत, आणि मधून मधून साठेक लहान बेटें, माथ्यावर झाडी घेऊन, पाण्यावर बसलीं आहेत. सकाळच्या वेळीं तें पाणी असें निपचित पडलेलें असतें कीं, हा महासागराचाच एक कोपरा आहे हें खरें वाटूं नये. पाण्यावर लांकडी तराफ्यांच्या ओळी. त्यांच्या खालीं टांगलेले शिंपले, आणि शिंपल्यांत वाढत असलेले मोती. हा सारा मुलूख १९४६ च्या नोव्हेंबरांत राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आला. महायुद्धानंतर जपाननें जाहीर केलेलें हें पहिलें उद्यान. शहरें जळून कोळसा झालेलीं असतां त्या लोकांस एका किनाऱ्याच्या झाडीची आठवण झाली, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते.

या उपसागराच्या कांठीं, झाडींत अंग चोरून, 'अमानेमू' नांवाचें विश्रामगृह आहे. तें २०१६ च्या मार्च महिन्यांत उघडलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत सात बड्या राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद काशिकोजिमा येथें भरली होती, व तेव्हांपासून या कोपऱ्याचें नांव परदेशांत बरेंच झालें. अमानेमू येथें चोवीस स्वतंत्र निवास आणि चार मोठे बंगले आहेत. अधिक गर्दी नको हाच त्यांचा धंदा. एका रात्रीचें भाडें लाख येनांहून बरेंच अधिक असतें. त्याचे रुपये किती होतात हें तेथें असेपर्यंत आम्हीं मुद्दाम काढलें नाहीं. घरीं येऊन काढलें, आणि त्या रात्रीं आमचें जेवणांत लक्ष लागलें नाहीं.

पुतण्यानें हा बेत सांगितला तेव्हां आम्हीं त्यास स्पष्ट नाहीं म्हटलें होतें. चांगलें स्वच्छ अंथरूण आणि साधा भात कोठेंहि मिळत असतां, एका रात्रीस एवढा पैसा घालविणें हा आमच्या मतें उधळेपणा होय, आणि उधळेपणा दुसऱ्याच्या खिशांतून झाला म्हणून तो पुण्य होत नाहीं. त्यानें सर्व ऐकून घेतलें. शाळेंत असतांना तो सहा वर्षें आमच्या घरीं राहिला होता. तो म्हणाला, "काका, त्या सहा वर्षांचा हिशेब तुम्हीं ठेवला आहे काय? नसेल तर या एका रात्रीचा मला ठेवावयास सांगूं नका." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चाळीस वर्षें पोरांना निरुत्तर करण्यांत गेलीं. म्हातारपणीं एकानें उसनें फेडलें.

त्या घराच्या नांवाविषयीं मात्र दोन शब्द बोलल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. नांवाचा पूर्वार्ध 'अमन'. तो शब्द संस्कृत असून त्याचा अर्थ शांति, असें या हॉटेलांच्या कंपनीकडून सांगण्यांत येतें. १९८८ सालीं थायलंडमधील फुकेत बेटावर 'अमनपुरी' नांवाचें पहिलें घर निघालें तेव्हांपासून ही व्युत्पत्ति चालत आली आहे. वाचकहो, अमरकोश आमच्या उशाशीं असतो. त्यांत शम आहे, शांति आहे, अमन नाहीं. हा शब्द अरबी होय. तो फारशीच्या वाटेनें हिंदुस्थानांत आला आणि येथें इतका रुळला कीं परक्यांस तो संस्कृत वाटावा. 'पुरी' तेवढी आपली. परंतु उत्तरार्धानें आमची सारी तक्रार धुऊन काढली. 'नेमु' हें जपानांतील एका झाडाचें नांव. आपल्या शिरीषाचें तें सख्खें भावंड. तशींच नाजूक पिसाऱ्यासारखीं फुलें, आणि तशींच संध्याकाळ झाली कीं मिटून जाणारीं पानें. तें रात्रीं निजतें म्हणून नेमु, आणि तें नांव लिहावयाचें तर चिनी लिपींतील दोन अक्षरें काढतात. एकाचा अर्थ 'एकत्र' आणि दुसऱ्याचा 'आनंद'. पतिपत्नींच्या सुखाचें हें झाड द्योतक मानतात. शाकुंतलांतील नायिकेच्या कानावर ज्या फुलाचें भूषण असतें त्याच्याच कुळांतील झाडाचें नांव असलेल्या घरीं आपण जात आहों असें कळल्यावर आमचा विरोध थोडा नरम पडला, हें कबूल केलें पाहिजे.

तेथें पोंचण्यापूर्वीं वाटेंत इसे हें क्षेत्र लागतें. पंढरीस जाऊन विठोबा न पाहणें आणि शिमास जाऊन इसे न पाहणें सारखेंच. येथें दोन मुख्य देवालयें आहेत. आंतलें सूर्यदेवता अमातेरासु हिचें. ती स्त्री आहे, व जपानचें राजकुल तिच्यापासून आपली परंपरा सांगतें. बाहेरचें तोयोउके या अन्नदेवतेचें. बाहेरच्या देवालयांत रोज सकाळीं व संध्याकाळीं देवतांस नैवेद्य दाखवितात, आणि हा क्रम सुमारें दीड हजार वर्षांचा आहे असें ते लोक मानतात. नैवेद्य शिजविण्याचा अग्नि आगकाडीनें पेटवीत नाहींत. लांकडावर लांकूड फिरवून, घर्षणानें काढतात. आम्हीं पुतण्याचा हात घट्ट धरला. अरणिमंथन! अग्निहोत्र्यांच्या घरांतून आतां जवळजवळ नाहींसें झालेलें अग्निमंथन त्या देशांत रोज दोनदां होत आहे.

परंतु इसेची खरी कीर्ति निराळ्याच गोष्टीसाठीं आहे. हीं देवालयें दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेंत जशींच्या तशीं नवीं बांधतात, देवता नव्या घरीं नेतात आणि जुनें घर उतरवितात. सम्राज्ञी जितो हिच्या कारकीर्दींत ६९० सालीं हें प्रथम झालें. मध्यंतरीं यादवीच्या काळांत शंभरांहून अधिक वर्षें खंड पडला होता. पण तो खंड ओलांडून क्रम पुन्हां सुरू झाला. २०१३ सालीं बासष्टावी खेप झाली. पुढची २०३३ सालीं. हिनोकी म्हणून सुरूच्या जातीचें सुवासिक लांकूड असतें, त्याचीं सुमारें दहा हजार झाडें एका खेपेस लागतात. खांब सरळ जमिनींत रोवलेले, छप्पर गवताचें. असें घर फार वर्षें टिकणार नाहीं, हें बांधणाऱ्यांस ठाऊक आहे. जुनें लांकूड वायां जात नाहीं. मुख्य देवालयाचे मोठे खांब इसुझु नदीवरील पुलाच्या तोरणाकरितां वापरतात, आणि बाकीचें इतर देवळांच्या कामीं जातें.

कुंपणापलीकडे सामान्य यात्रेकरूस जातां येत नाहीं. पांढऱ्या पडद्यासमोर उभें राहून नमस्कार करावयाचा आणि परतावयाचें. आम्ही परतलों ते शेजारच्या मोकळ्या जागेपाशीं थांबलों. पांढऱ्या खड्यांनीं भरलेलें रिकामें अंगण, मध्यें एक लहानसें झांकण घातलेलें खोपट; बाकी कांहीं नाहीं. हें देऊळ तेराशें वर्षांचें म्हणावें कीं दहाबारा वर्षांचें, असा प्रश्न पुतण्यानें विचारला. उत्तरासाठीं आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आपला वेद किती वर्षांचा? कागदावर तो अलीकडे आला. त्यापूर्वीं गुरूच्या कंठांतून शिष्याच्या कंठांत, प्रत्येक पिढीस नव्यानें बांधला गेला. पद, क्रम, जटा, घन ही त्या सुतारकामाचीं मापें. वीस वर्षांत पोरगा उमेदवार होतो, पुढच्या खेपेस कारागीर, त्यापुढच्या खेपेस मुख्य मिस्त्री. देऊळ दोनशें वर्षें टिकेल असें बांधलें असतें तर तें बांधण्याची विद्या बुडाली असती. ज्या दिवशीं शिष्य येणें थांबेल त्या दिवशीं, पोथ्या कितीहि छापल्या तरी, विद्या गेलीच. हें आम्ही कोरडेपणानें लिहीत नाहीं. आमच्या शाळेंत शेवटच्या वर्षीं संस्कृतचा वर्ग तीन मुलांचा होता, आणि आम्ही निवृत्त झाल्यावर तो बंद झाला.

इसेहून शिमास जातांना पुतण्यानें आम्हांस किनाऱ्यावरील एका झोंपडींत नेलें. ती पाणबुड्या बायकांची झोंपडी होती. या बायकांस 'आमा' म्हणतात. दम कोंडून तळाशीं बुडी मारावयाची, खडकास चिकटलेले मोठे शिंपले लोखंडी हत्यारानें सोडवावयाचे, आणि दम संपण्यापूर्वीं वर यावयाचें. एक बुडी सुमारें पन्नास सेकंदांची. हल्लीं अंगांत रबरी पोषाख असतो, परंतु हवेची नळकांडीं मुद्दाम घेत नाहींत, कारण घेतलीं तर समुद्र रिकामा होईल. १०.६ सेंटिमीटरांहून लहान शिंपला हातीं आला तर परत सोडावा असा त्या प्रांताचा नियम आहे. वर आल्यावर त्या जो श्वास सोडतात त्याची एक लांब, करुण शीळ होते. डोक्याच्या फडक्यावर जांभळ्या दोऱ्यानें दोन खुणा काढलेल्या असतात. एक पंचकोनी तारा. तो एका रेषेंत काढतां येतो आणि हात निघाला तेथेंच परत येतो, तशी बुडी मारणारीहि परत यावी. दुसरी जाळी, तिला अनेक डोळे, ते पहारा करतात.

मोत्यांच्या साऱ्या वैभवाचा पाया याच बायकांनीं घातला. मिकिमोतो कोकिचि हा तोबा गांवच्या शेवया विकणाऱ्याचा मुलगा. त्यानें १८९३ सालीं शिंपल्यांत माणसाच्या हातानें मोती वाढवून दाखविला आणि पुढें तो जगप्रसिद्ध झाला. पण शिंपले तळांतून काढून आणणें व बीज घातल्यावर पुन्हां तळाशीं नेऊन ठेवणें हें काम आमांचें. त्याच्या प्रयोगांत बरोबरीनें राबलेली त्याची पत्नी उमे १८९६ सालीं वारली; मोत्यांच्या मोठ्या कीर्तीचे दिवस तिनें पाहिले नाहींत. इसेच्या देवतेस सुकविलेल्या शिंपल्याचा जो नैवेद्य जातो त्याची कथाहि अशीच आहे. राजकन्या यामातोहिमे देवतेसाठीं स्थळ शोधीत या किनाऱ्यावर आली असतां एका पाणबुड्या स्त्रीनें तिला शिंपला अर्पण केला, तेव्हांपासून कुझाकि गांवाहून तो नैवेद्य जातो. देवता स्त्री, तिला स्थळ शोधून देणारी स्त्री, नैवेद्य काढून आणणारी स्त्री. १९५६ सालीं साऱ्या जपानांत अशा १७,००० हून अधिक पाणबुड्या बायका होत्या; २०१७ च्या मोजणींत त्या २,००० च्या आंत आल्या. त्याच वर्षीं या किनाऱ्यावरील आमांच्या विद्येस सरकारनें राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकपरंपरेचा मान दिला. मान मिळूं लागला म्हणजे माणसें संपत आलीं असें समजावें, हा आमचा अनुभव आहे.

झोंपडींत मध्यें शेकोटी होती. पाहुण्यांस शिंपले भाजून देतात. आम्हीं चहा घेतला. तेथील बाई सत्तरीच्या पुढची होती. पुतण्या दुभाष्याचें काम करीत होता. तिनें सांगितलें कीं तिची आई बुडी मारी, आजी मारी, मुलगी मात्र हॉटेलांत नोकरी करते. हात मऊ राहिले आहेत, चांगलें झालें. यानंतर आमच्या कुटुंबानें, जी त्या तीन आठवड्यांत क्वचितच आपण होऊन कांहीं विचारी, तिनें प्रश्न केला: "हिवाळ्यांत पाणी गार नसतें का?" बाई हंसली. "गार असतेंच. पण वर आल्यावर शेकोटी पेटलेली असते. पहिली येईल ती मोळी टाकते." त्यावर कुटुंब आमच्याकडे न पाहतां म्हणालें, "हिला शेकोटी तरी आहे." पुतण्यानें त्या वाक्याचें भाषांतर केलें नाहीं. आम्हांसहि तें त्या वेळीं नीट समजलें नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं पुतण्यानें आम्हांस अमानेमूच्या दारीं सोडलें आणि तो नागोयास आपल्या कामासाठीं परत गेला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तेथील स्टेशनावर तो भेटणार होता. आम्ही संगमरवर, झुंबरें आणि गालिचे पाहण्याच्या तयारीनें गेलों होतों. तसें कांहीं नव्हतें. काळसर लांकडाचीं, काळ्या कौलांचीं, बसक्या छपराचीं घरें. जपानी शेतकऱ्याच्या जुन्या घराचा तो आकार आहे. केरी हिल नांवाच्या आस्ट्रेलियन स्थपतीनें तो घेऊन नव्यानें योजिला. (हे गृहस्थ २०१८ सालीं वारले.) आंत गेल्यावर लक्षांत येतें कीं येथें वस्तु मांडण्यापेक्षां वस्तु काढून टाकण्यावर अधिक डोकें चालविलें आहे. रुंद खिडकी, खालीं पाणी, तराफे, बेटें. आमच्या आजोबांच्या खेड्यांतल्या घरींहि ओटीवर कांहीं नसे. एक घोंगडी, एक खुंटी आणि समोर आंब्याचें झाड. तेथें कोणी भाडें घेत नसे. हा विनोद आम्हीं कुटुंबास सांगितला. ती म्हणाली, "ओटीवर कांहीं नसे, स्वयंपाकघरांत काय काय असे तें तुम्हीं कधीं पाहिलेंत?"

जेवणाची धास्ती होती. त्या देशांत शाकाहार म्हटला तरी सार बहुधा सुक्या माशाच्या अर्काचें असतें, आणि तो मासा दिसत नसल्यामुळें त्यास कोणी मासा म्हणत नाहीं. पुतण्यानें आधींच पत्र पाठविलें होतें. बौद्ध मठांतून शेंकडों वर्षें चालत आलेला मांसमत्स्यवर्ज्य पाक त्यांस माहीत आहे. समुद्रांतील एक रुंद पानाची वनस्पति आणि सुकविलेल्या अळंब्या भिजवून सार काढतात. तें सार उत्तम होतें. पदार्थ पुष्कळ, प्रत्येक दोन घांसांचा. आम्हांस शेवटीं भाताचा दुसरा वाढा मागावा लागला व तो हंसतमुखानें मिळाला.

आतां मुख्य गोष्ट. जपानांत ऊन पाण्याचे झरे अगणित आहेत. आपल्याकडेहि वज्रेश्वरी आहे, उन्हवरें आहे. पण त्यांनीं या पाण्याचें शास्त्र आणि कायदाहि केला आहे. १९४८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींतून निघतांना पाणी २५ अंश किंवा अधिक ऊन असावें, अथवा त्यांत ठराविक क्षार असावेत, तरच त्यास 'ओन्सेन' म्हणतां येतें. अंग बाहेर घासून धुवावयाचें, आणि स्वच्छ झाल्यावर केवळ बसण्यासाठीं कुंडांत उतरावयाचें. सार्वजनिक कुंडांत वस्त्र चालत नाहीं, आणि मनुस्मृतींत नग्न स्नानाचा निषेध आहे, म्हणून आम्ही तीन आठवडे या सुखापासून दूर राहिलों होतों. येथें प्रत्येक निवासांत काळ्या दगडाचें स्वतंत्र कुंड आहे. त्यामुळें मनूचाहि मान राहिला.

जपानी घरांतील स्नानाची एक रीत पुतण्यानें पूर्वीं सांगितली होती. कुंडांतलें पाणी एकच. त्यांत प्रथम पाहुणा, मग घरचा मुख्य पुरुष, मग मुलें, आणि सर्वांत शेवटीं सून, अशी जुनी चाल. तिच्या वाट्यास येई तें सर्वांनीं वापरलेलें, निवालेलें पाणी. हें ऐकून आम्हीं कांहीशा अभिमानानें म्हटलें होतें कीं, आमच्यांत याच्या उलट. आमच्या घरीं सून सर्वांच्या आधीं स्नान करी. तें खरेंच होतें. आम्ही तेव्हां एकत्र कुटुंबांत चौदा माणसें होतों. सोंवळ्याचा स्वयंपाक तिच्याकडे, म्हणून पहांटे चारास तिचें स्नान. बंब पेटे तो साडेपांचास, कारण जळण जपून वापरावें असा आईचा दंडक होता. मार्गशीर्ष असो, पौष असो, आडावरच्या गार पाण्याची घागर अंगावर घेऊन ओल्या केंसांनीं ती चुलीपाशीं जाई. आम्ही साडेसहास उठत असूं आणि ऊन पाण्यानें स्नान करून संध्येस बसत असूं. पहिली असो कीं शेवटची, सुनेच्या वाट्यास ऊन पाणी त्यांच्याकडेहि नव्हतें आणि आमच्याकडेहि. "हिला शेकोटी तरी आहे" या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या खोलींत, संध्याकाळीं सहाच्या सुमारास लागला.

ती कुंडांत गेली तेव्हां उजेड होता. आम्ही बाहेर बसून तराफे मोजीत होतों. पाणी राखाडी झालें, मग काळें. पलीकडच्या बेटावर एक दिवा लागला. अर्धा तास झाला, तास झाला. चक्कर तर आली नाहीं ना, म्हणून दारावर हांक मारण्यास आम्ही उठलों आणि पुन्हां बसलों. सव्वा तासानें ती बाहेर आली. बोटांच्या कातडीस सुरकुत्या पडलेल्या, चेहरा लाल. आम्हीं विचारलें, "बरें वाटलें?" ती म्हणाली, "कोणी दार वाजविलें नाहीं."

वाचकांपैकीं कांहींजण म्हणतील कीं, हें सुख घरच्या न्हाणीघरांतहि मिळालें असतें; त्यास लाख येन कशाला? आक्षेप रास्त आहे. ऊन पाण्याचें यंत्र आमच्या घरीं बसून वीस वर्षें झालीं. पण त्या न्हाणीघराच्या दाराशीं कोणीतरी उभें असतेंच. कोणास शाळा, कोणास कचेरी, कोणास देवपूजा. या विश्रामगृहांत जें विकतात तें पाणी नव्हे, लांकूड नव्हे, जपानी परंपराहि नव्हे. परंपरा इसेच्या सुतारांकडे आहे आणि त्या झोंपडींतील बाईपाशीं आहे. येथें तिचें उत्तम प्रतीचें चित्र आहे, व तें चित्र जपून काढलें आहे. येथें मिळते ती कोणाचीहि पाळी नसलेली वेळ. ती इतकी महाग कां असावी हा विचार आम्हीं रात्रीं बराच वेळ केला. उधळेपणाविरुद्धचें आमचें मत बदललेलें नाहीं. आमच्यासारख्या मास्तरानें स्वतःच्या पैशानें तेथें जाऊं नये, आणि जातांहि येणार नाहीं. शिवाय त्या बाईंची मुलगी अशाच कोठल्यातरी हॉटेलांत दुसऱ्यांचीं अंथरुणें घालीत असेल. तिची पाळी केव्हां येते हें आम्हांस ठाऊक नाहीं. पण आमचा आक्षेप पुतण्यापुढें जितक्या जोरानें मांडला होता तितक्या जोरानें तो त्या रात्रीं कुटुंबापुढें मांडण्याची छाती आम्हांस झाली नाहीं.

सकाळीं पावसाची भुरभुर होती. गाडी पावणेदहाची. आम्ही आठासच सामान बांधून, छत्री हातीं घेऊन तयार होतों, शाळेची संवय. कुटुंबानें कुंडाकडे पाहिलें, घड्याळाकडे पाहिलें आणि विचारलें, "अहो, आणखी एकदां जाऊं का? पंधरा मिनिटें."

आम्हीं म्हटलें, जा.

साडेनवास पुतण्याचा दूरध्वनि आला. "काका, स्टेशनावर पोंचलांत ना?"

"नाहीं."

"गाडी चुकणार तर!"

"चुकणार नाहीं," आम्हीं सांगितलें, "सोडली आहे. दुसरी केव्हां आहे तें पाहून सांग. आणि काकूस अजून वेळ आहे, तेव्हां लगेच असेल ती नको."